आधी फळी, मग मशीन

मिनेसोटात तळ्यांवरचा बर्फ एप्रिलमध्ये फुटायला लागतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास वॉलाय माशाचा हंगाम उघडतो. मधल्या चार-पाच शनिवारी आमच्या गल्लीत एकच आवाज ऐकू येतो. गॅरेजची दारं उघडी, पिंपात पाणी, पाण्यात आउटबोर्ड मोटारीची शेपटी, आणि कोणीतरी दोरी ओढतोय. एकदा, दोनदा, वीसदा. काही मोटारी खोकून चालू होतात. काही होत नाहीत. ज्यांच्या होत नाहीत त्यांच्यासमोर जो प्रश्न उभा राहतो तो दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर होता. होडी ठणठणीत आहे, मोटार गेली आहे. आता नवी कोणती लावायची?

हा प्रश्न ॲल्युमिनियमच्या होडीच्या वाट्याला हमखास येतो, कारण ही होडी मोटारीपेक्षा कितीतरी जास्त जगते. गोड्या पाण्यात ॲल्युमिनियम सहसा सडत नाही. तीस-चाळीस वर्षांची होडी रिव्हेट थोडे घट्ट करून मजेत चालते आणि तेवढ्या काळात दोन-तीन मोटारी बदलून होतात. दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी असलेल्या या राज्यात अशा होड्या बांधणारे कारखानेही इथलेच. अल्युमाक्राफ्ट १९४६ मध्ये मिनिआपोलिसला सुरू झाली, लंड १९४८ मध्ये न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावात, आणि क्रेस्टलायनरच्या होड्या पूर्वी लिटल फॉल्सला बनायच्या. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी तयार झालेलं पत्र्याचं आणि रिव्हेटचं कसब युद्ध संपल्यावर होड्यांकडे वळलं. त्यातली चौदा ते सोळा फुटांची, उघडी, दांडी हातात धरून मागे बसून चालवायची होडी हीच या लेखातली होडी.

माझी होडी चौदा फुटी. शेजारच्या आजोबांकडून घेतली तेव्हा तिच्या मागे १५ एचपीची टू-स्ट्रोक मोटार होती. तिचं वय मी तिच्या मॉडेल क्रमांकावरून काढलं. जॉन्सन आणि एव्हिनरूड या जोड-कंपनीने १९८० पासून वर्षासाठी एक गुप्त शब्द वापरला : 'इन्ट्रोड्यूसेस'. त्या इंग्रजी शब्दात दहा अक्षरं आहेत. पहिल्या 'आय'चा एक, 'एन'चे दोन, असं करत शेवटच्या 'एस'चा शून्य. माझ्या मोटारीवर 'सी' आणि 'डी' होतं, म्हणजे ८ आणि ६. साल १९८६. जुनी मोटार घेणाऱ्या प्रत्येकाने ही किल्ली लक्षात ठेवावी. विकणारा 'नव्वदच्या दशकातली' म्हणत असतो आणि अक्षरं वेगळंच सांगत असतात.

मला खरं तर तशीच मोटार पुन्हा हवी होती. चौतीस किलोच्या आसपास वजन, एका हाताने उचलून गाडीत टाकता येईल अशी, दोन सिलिंडर, काहीही बिघडलं तरी स्क्रू-ड्रायव्हर आणि पान्याने उघडता येईल अशी. पण अमेरिकेत तशी नवी मोटार आता मिळत नाही आणि त्यामागचं कारण आपल्याला नीट कळतं. बजाजच्या जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना पंपावरचा माणूस टू-टी ऑइल ओतायचा, ते आठवा. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच जळतं. शिवाय ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरताना जळलेल्या धुराला बाहेर ढकलतं, आणि धुराबरोबर त्यातलं काही न जळताच निसटतं. स्कूटरवर ते हवेत जायचं. होडीवर धूर पाण्याखाली सोडतात, म्हणून पाव हिस्स्यापर्यंत पेट्रोल न जळता तळ्यात उतरायचं. शांत सकाळी मोटारीमागे पाण्यावर जो इंद्रधनुषी तवंग दिसायचा तो हाच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९६ मध्ये नियम केला आणि १९९८ ते २००६ या मॉडेल-वर्षांत नव्या मोटारींमधून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन टप्प्याटप्प्याने पाऊणभर कमी करायला लावले. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या लेक ताहोने तर १९९९ पासून कार्बुरेटरच्या बहुतेक टू-स्ट्रोक मोटारी वापरायलाच बंदी घातली. मिनेसोटात जुनी मोटार चालवायला मनाई नाही. पण ज्या तळ्यातला मासा आपण घरी आणून खातो त्या तळ्यात तो तवंग सोडणं मला पटेनासं झालं, आणि जुनी मोटार पुन्हा उभी न करण्याचं हे एक मोठं कारण होतं.

या बदलात एक जुनं नावही गेलं. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला कारागीर. १९०९ मध्ये मिलवॉकीला त्याने विकायला काढलेली मोटार दीड एचपीची, ६२ पौंड वजनाची, आणि किंमतही ६२ डॉलर. होडीच्या मागे अडकवायची, काढून खांद्यावर टाकायची, ही कल्पना घरोघरी पोचवली ती त्याने. त्याच्या नावाच्या मोटारी २०२० च्या मे महिन्यात बंद झाल्या. सुटे भाग अजून मिळतात, पण आज नव्या मोटारींच्या दुकानात हे नाव नाही.

मग दुकानात जायच्या आधी काय करायचं? मी मालवणच्या काकांना व्हिडिओ कॉल केला. त्यांची फायबरची होडी आहे आणि तिच्या मागे आउटबोर्ड. त्या मोटारीला ते नुसतं मशीन म्हणतात. मी कॅटलॉगमधली चित्रं दाखवत होतो. त्यांनी ती पाहिली नाहीत. "आदी फळी बघ, मगे मशीन," म्हणाले. फायबरच्या होडीत मागच्या भिंतीच्या आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की बाहेरून चकचकीत दिसणारी भिंत आतून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी होते. त्यांनी तसं झालेलं एकदा पाहिलं होतं.

ॲल्युमिनियमच्या होडीत नेमकं हेच होतं. मागच्या उभ्या भिंतीला इथे ट्रान्सम म्हणतात. तीही नुसता पत्रा नसते, दोन पत्र्यांच्या मध्ये प्लायवूडची फळी असते. मोटारीचं सगळं वजन आणि सगळा रेटा त्या फळीवर. तीस हिवाळे पाणी पिऊन ती फळी कुजलेली असते आणि जुनी हलकी मोटार ते कसंबसं सांभाळत असते. नवी दहा-पंधरा किलो जास्त जड मोटार लावली की पत्रा वाकतो, कोपऱ्याला तडा जातो. तपासणं सोपं आहे. मोटार लावलेली असताना तिची शेपटी धरून वर-खाली ढकला. फळी हलताना दिसली तर थांबा. मोटार काढून स्क्रूच्या खुणांभोवती हातोडीच्या दांड्याने वाजवा. खणखणीत आवाज हवा, थपथप नको. वरची पट्टी उचकटून आत स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा.

माझी फळी वरच्या चार इंचांत भुसा झाली होती. नवी बसवली. मरीन प्लायवूडचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवले, सगळ्या कडा आणि भोकं इपॉक्सीने बंद केली. इथे अनेक जण एक चूक करतात. बाजारात मिळणारं औषध-मारलेलं लाकूड 'कुजत नाही' म्हणून वापरतात. त्या औषधात तांबं असतं, आणि ओलाव्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं. फळी टिकते, होडी जाते. त्याच वेळी होडी ट्रेलरवर ठेवूनच तिच्यात पाणी भरलं आणि खालून कुठल्या रिव्हेटमधून थेंब पडतात ते खडूने खुणावलं. या कामाला दोन शनिवार लागले. मोटार निवडण्याच्या कामातले तेच दोन दिवस मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

ताकद किती, हा पुढचा प्रश्न. खरं तर हा प्रश्न आपल्या आवडीचा नाहीच. १ नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत बनलेल्या, वीस फुटांहून लहान होडीवर एक पाटी असते. जास्तीत जास्त किती एचपी, किती माणसं, आणि माणसं-मोटार-सामान मिळून किती वजन. पाटी गळून गेली असेल किंवा होडी त्याआधीची असेल, तर कोस्ट गार्डचं गणित घरी करता येतं. होडीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत घेऊन गुणा. उत्तर ५२.५ च्या वर आलं आणि होडी दांडीने चालणारी असली तर त्याची ०.८ पट करून २५ वजा करा, आणि पाचाच्या पुढच्या पटीपर्यंत न्या. माझी होडी १४ गुणिले ४, म्हणजे ५६. त्याची ०.८ पट ४४.८, वजा २५, उरले १९.८. म्हणजे २० एचपी. तेवढ्याच मापाची पण सपाट तळाची, धारदार कडांची होडी असती तर निम्म्यातून १५ वजा, म्हणजे १३, आणि परवानगी १५ ची. मापं तीच असली तरी तळाचा आकार पाच एचपी कमी करतो, कारण सपाट तळ वेगात वळताना घसरतो.

पाटीच्या आत राहून किती घ्यायचं, हे भौतिकशास्त्र ठरवतं आणि इथे जरा थांबायला हवं. पाण्यात चालणारी होडी आपल्याच लाटेत अडकलेली असते. नाळेजवळ एक लाट उठते, मागे दुसरी, आणि दोन्हींमधलं अंतर होडीच्या लांबीएवढं झालं की होडी आपल्याच खड्ड्यात बसते. चौदा फुटांच्या होडीसाठी ही मर्यादा साधारण पाच नॉट, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या जरा वर. तिथपर्यंत पोचायला चार-पाच एचपी पुरतात. त्यापुढे ताकद वाढवत गेलात तर वेग जवळपास वाढत नाही, नुसती नाळ वर उठते, मागचा भाग बुडतो आणि पेट्रोल जळतं. मग एका क्षणी पुरेसा रेटा मिळतो, होडी आपल्या लाटेवर चढते, आडवी होते आणि पाण्यावरून सरकू लागते. तोच रेटा असताना आवाज बदलतो आणि वेग एकदम दुप्पट-तिप्पट होतो.

म्हणून या होडीसाठी ताकदीचे दोनच अर्थपूर्ण टप्पे आहेत. हळू जायचं असेल तर सहा एचपी खूप झाले. सरकायचं असेल तर खात्रीने सरकेल एवढी ताकद हवी. मधलं काहीतरी घेणं म्हणजे रोज चढाच्या अर्ध्यावर अडकणं. माझ्यासारखा एकटा माणूस ९.९ एचपीवर सरकतो. दुसरा माणूस, नांगर, बॅटरी, बर्फाचा डबा आणि भरलेली टाकी आली की सरकत नाही. तळं छोटं असेल तर फरक पडत नाही. मिल लॅक्ससारख्या रुंद तळ्यावर दुपारी वारा उठला आणि किनारा पाच मैलांवर असला की फार पडतो.

९.९ हा विचित्र आकडा कुठून आला, हे पुष्कळांना कोडं वाटतं. अनेक तळ्यांवर दहा एचपीची मर्यादा होती, त्या मर्यादेच्या जेमतेम आत राहण्यासाठी तो आकडा. मर्यादा आजही आहेत. उत्तर मिनेसोटातल्या बाउंड्री वॉटर्स या रानात १९७८ च्या कायद्याने मोजक्याच तळ्यांवर मोटारी ठेवल्या. स्नोबँक आणि मूस तळ्यांवर २५ एचपीपर्यंत, क्लिअरवॉटर आणि दोन्ही फाउल तळ्यांवर १० पर्यंत. तुम्ही नेहमी कुठे जाता त्या तळ्याचा नियम आधी वाचा. तिथे दहाची मर्यादा असेल तर वरचं सगळं गणित गुंडाळून ९.९ घ्या.

आता वजन, आणि इथे बाजाराची एक गंमत कळली की निवड सोपी होते. मोटारीवर लिहिलेली ताकद आणि आतलं इंजिन यांचं नातं सरळ नसतं. सुझुकीची ९.९, १५ आणि २० एकाच ठोकळ्यावर बनतात. वजन तेच, सुमारे ४४ किलो. तोहात्सुची १५ आणि २० सुद्धा एकाच ३३३ सीसी इंजिनाची, सुमारे ४३ किलो. तोहात्सुची ९.८ मात्र २०९ सीसीच्या लहान इंजिनाची आहे आणि ती सहा-सात किलो हलकी. म्हणजे ९.८ आणि ९.९ यांत एका दशांशाचा फरक दिसतो, प्रत्यक्षात ती दोन वेगळी यंत्रं आहेत. ९.९ घेणारा वीसचं वजन वाहतो आणि निम्मी ताकद वापरतो. तळ्यावर मर्यादा नसेल आणि पाटी परवानगी देत असेल तर १५ घेण्यातही मला अर्थ दिसत नाही. तेवढ्याच वजनात २० मिळते. पण २० वरून २५ वर गेलात की बहुतेक कंपन्यांत इंजिन मोठं होतं आणि वजन पन्नास किलोच्या पुढे जातं. यामाहाची २५ सत्तावन्न किलोच्या घरात आहे. वीस हा चौदा फुटांच्या होडीसाठी थांबायचा टप्पा आहे असं मी ठामपणे म्हणेन.

हे वजन नुसतं तराजूवरचं नाही. दांडीच्या होडीत चालवणारा मागे बसतो, मोटार मागे, पेट्रोलची टाकी मागे, बॅटरीही मागेच ठेवायची सवय. जुन्या मोटारीपेक्षा दहा किलो वाढले की नाळ आभाळाकडे बघू लागते आणि मागून लाट आत यायची भीती वाढते. टाकी पुढच्या बाकाखाली नेऊन लांब नळी लावायची, बॅटरीही पुढे न्यायची. साठ डॉलरच्या आत होणारं हे काम हजार डॉलरच्या मोटारीच्या फरकापेक्षा जास्त उपयोगी पडतं. आणि पाटीवरच्या एकूण वजनातून मोटारीचे हे जास्तीचे किलोही वजा होतात, हे विसरू नये.

शाफ्टच्या लांबीत मी स्वतः फसलो. जुनी मोटार बंद पडल्यावर आधी मी स्वस्तात एक वापरलेली विकत घेतली होती. यंत्र उत्तम होतं. घरी आणून लावली तेव्हा कळलं की ती लांब शाफ्टची, वीस इंचांची, बहुधा शिडाच्या होडीवरून उतरवलेली. माझी फळी पंधरा इंचांची. पंखा पाच इंच खोल गेला, होडी ओढल्यासारखी चालायची, फवारा उडून पाठ भिजायची, आणि उथळ जागी पहिला दगड तिनेच शोधला. मोजायचं कसं? फळीच्या वरच्या मधल्या टोकापासून होडीच्या तळापर्यंत सरळ खाली टेप लावा. पंधराच्या आसपास आलं तर आखूड शाफ्ट, वीसच्या आसपास तर लांब. मोटार लावल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, किंवा फार तर एक इंच खाली यायला हवी. त्याच्या वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन रिकामं किंचाळतं. विकत घेण्याआधी टेप खिशात ठेवा, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

दोरीने चालू करायची की बटणाने, यावर मंडळी तासन्‌तास बोलतात. बटणाला बॅटरी लागते आणि स्टार्टरचे काही किलो वाढतात. खांदा दुखत असेल तर बटण घ्यावं, त्यात कमीपणा नाही. बॅटरी मासे शोधण्याच्या यंत्रासाठी आधीच होडीत असेल तर ती बाजू आणखी जड होते.

याहून महत्त्वाचा फरक आहे कार्बुरेटर आणि इंधन इंजेक्शन यांचा. छोट्या मोटारी मरतात त्या पाण्यात नाही, गॅरेजमध्ये. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, पुरेसं पाणी जमलं की टाकीत वेगळा थर होऊन बसतं. कार्बुरेटरची छिद्रं केसाएवढी. सहा महिने उभ्या मोटारीत उरलेलं पेट्रोल आटून त्या छिद्रांत राळ जमते, आणि एप्रिलमधलं ते वीस वेळा ओढणं सुरू होतं. सुझुकी, तोहात्सु, मर्क्युरी यांच्या या आकाराच्या मोटारींत आता बॅटरीशिवाय चालणारं इंजेक्शन आलं आहे. दोरी ओढताना फिरणाऱ्या चाकातूनच त्याला वीज मिळते. थंडीत पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू होते, वॉलायसाठी अगदी मंद चालवताना गडगडत नाही. इंजेक्शन बिघडलं तर घरी उघडून काही करता येत नाही, संगणक लावणारा मेकॅनिक लागतो, हे खरं आहे. तरी माझं मत इंजेक्शनच्या बाजूने. कोणतीही मोटार असो, मिनेसोटात होड्यांसाठी इथेनॉलविरहित प्रीमियम पेट्रोल मिळतं, ते शोधून भरा. पंधरा टक्के इथेनॉलचं पेट्रोल होडीत कधीही भरू नका.

वापरलेली मोटार घ्यायची असेल तर तीन गोष्टी दोन तासांत कळतात. सगळ्या सिलिंडरांचा दाब मोजा. आकडा किती यापेक्षा ते एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत की नाहीत ते महत्त्वाचं. खालच्या गिअरचा स्क्रू ढिला करून तेल बघा. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलं आहे, आणि इथल्या हिवाळ्यात त्या पाण्याचा बर्फ होऊन गिअरचं घर फुटतं. चालू मोटारीतून बाजूने पाण्याची धार बाहेर येते का बघा. येत नसेल तर थंड करणारा रबरी पंखा गेला आहे. तो बदलणं स्वस्त आहे, पण तो गेला असताना मोटार किती तापली होती हे कोणी सांगणार नाही. विकणारा म्हणाला 'कालच चालवली होती, गरम आहे', तर थांबा आणि थंड झाल्यावर चालू करून दाखवायला सांगा. थंड मोटारच खरं सांगते.

विजेच्या मोटारींबद्दल मला वारंवार विचारलं जातं, आणि उत्तर आकड्यांतच आहे. मर्क्युरीची ॲव्हेटर ७.५ई, २०२३ ची, साडेसातशे वॉटची, म्हणजे जेमतेम एक एचपी. तिची बॅटरी एक किलोवॉट-तासाची. जर्मनीतली टॉर्कीडो २००५ पासून या क्षेत्रात आहे, आता यामाहाने ती घेतली आहे. ट्रॅव्हल ११०३ हे तिचं मॉडेल अकराशे वॉटचं. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ किलोवॉट-तास ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, पण सगळं धरूनही एक किलोवॉट-तासाची बॅटरी म्हणजे अर्ध्या लिटरच्याही आतलंच काम. वीस एचपीने तासभर पूर्ण वेगाने जायला पंधरा किलोवॉट-तास लागतील आणि तेवढी बॅटरी शंभर किलोच्या वर जाईल. म्हणून आज छोट्या तळ्यावर, किनाऱ्याजवळ, हळू फिरून मासेमारी करणाऱ्याला विजेची मोटार उत्तम. आवाज नाही, वास नाही, हिवाळ्यात पेट्रोल आटवायची कटकट नाही. मोठ्या तळ्यावर ती एकटी पुरत नाही. इथे पुष्कळ जण मागे पेट्रोलची आणि नाळेवर छोटी विजेची अशी जोडी ठेवतात. मासे पकडताना पुढची, घरी यायला मागची. त्या विजेच्या मोटारींतलं सर्वांत ओळखीचं नाव मिन कोटा १९३४ मध्ये पलीकडच्या फार्गो गावात सुरू झालं. नाव मिनेसोटा आणि डकोटा जोडून केलेलं.

कंपनी कुठली, यावर माझ्याकडे कमी शब्द आहेत. तोहात्सु आणि मर्क्युरी यांची १९८८ पासून जपानात भागीदारी आहे, आणि तीस एचपीपर्यंतच्या कितीतरी मर्क्युरी त्याच कारखान्यातून येतात. झाकणाचा रंग वेगळा, आतलं यंत्र फार वेगळं नाही. होंडा आणि तोहात्सु अमेरिकेत हौशी वापरासाठी पाच वर्षांची हमी देतात, यामाहा आणि मर्क्युरी तीन वर्षांची. वीस एचपीची नवी मोटार साडेतीन ते साडेचार हजार डॉलरच्या दरम्यान पडते आणि कंपन्यांमधला फरक त्यापुढे लहान. मग निवड कशावरून करायची? तीस मैलांच्या आत कोणाकडे मेकॅनिक आहे, सुटे भाग आहेत, आणि मे महिन्यात फोन उचलला जातो, त्यावरून. मी ज्या दुकानातून घेतली ते चौथं होतं. पहिल्या तिघांनी होडीची फळी किती उंच हे विचारलंच नाही. चौथ्याने विचारलं, मग पाटीवरचा आकडा विचारला, मग कुठल्या तळ्यावर जाता ते विचारलं. मी त्याला पैसे दिले.

पंख्याबद्दल त्याने सांगितलेलं मी इथे देतो, कारण नवी मोटार घेणारे बहुतेक जण तिथे थांबतात. मोटारीबरोबर येणारा पंखा सरासरी होडीसाठी असतो. नेहमीचं सामान आणि नेहमीची माणसं घेऊन पूर्ण वेगाने जा आणि फेऱ्या मोजा. पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या, साधारण पाच ते सहा हजारांच्या, वरच्या भागात त्या यायला हव्यात. कमी आल्या तर पंख्याचा पेच फार लांब आहे, इंजिन दमतंय. एक इंच पेच कमी केला की दीडशे-दोनशे फेऱ्या वाढतात. जास्त आल्या तर उलटं करा. खडकाळ तळ्यांवर स्टीलचा पंखा नको, ॲल्युमिनियमचा ठेवा. दगडाला लागला तर पातं वाकावं, आतला शाफ्ट नाही.

मोटार आली त्या शनिवारी होडी पाण्यात घातली. चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी, जी वापरणं २०२१ पासून कायद्याने सक्तीचं झालं आहे, मनगटाला बांधली. एकटा दांडी धरून पडला तर गोल फिरणारी होडी त्याच्याच अंगावर येते. पहिले दहा तास इंजिन पूर्ण वेगाने सलग चालवायचं नव्हतं. एका वेगावरही फार वेळ राहायचं नव्हतं. अर्ध्या तासाने काठाला येऊन फळीवरचे दोन्ही स्क्रू पुन्हा आवळले. नव्या लाकडावर ते दबतात आणि ढिले होतात, आणि मोटार पाण्यात पडायला तेवढंच पुरतं. संध्याकाळी काकांना पुन्हा फोन लावून होडीची मागची बाजू दाखवली. त्यांनी मोटारीचं नाव विचारलं नाही. फळी जवळून दाखव म्हणाले, बोल्टच्या भोकांतून इपॉक्सी बाहेर आलेली दिसेपर्यंत. निघताना होडीचं खालचं बूच काढलं, इथे ते कायद्यानेच काढावं लागतं, आणि मोटार उभी ठेवून आतलं सगळं पाणी गळू दिलं. वीस तासांनी पहिलं तेल बदलायचं होतं, ते जुलैत झालं.